मागच्या चाकांचे स्वातंत्र्य : टांग्याच्या आसापासून चाकणच्या विजेच्या मोटारीपर्यंत

१/
अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे टांगे निघतात. ओल्या वाळूवर ते संथ चालतात. पण किल्ल्याजवळच्या खडकाळ पट्ट्यात एखादे चाक दगडावर चढले, की सबंध टांगा एका अंगाला कलतो आणि सगळे प्रवासी एकमेकांवर रेलतात. दगड फक्त एका चाकाखाली असतो, हेलकावा मात्र सर्वांना बसतो. कारण साधे आहे : दोन्ही चाके एकाच लोखंडी आसावर बसवलेली असतात. हा धागा त्या आसाविषयी आहे, आणि मोटारीच्या मागच्या चाकांनी त्यापासून सुटका कशी करून घेतली याविषयी आहे.

२/
मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी रचना म्हणजे 'इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन'. हा विषय यंत्रशाळेचा वाटतो, परंतु भारतात त्याचा इतिहास विलक्षण वळणांचा आहे. १९६१ मध्ये ही रचना एका देशी मोटारीत आली. १९७२ मध्ये त्याच कंपनीने ती काढून टाकली. आणि १९७७ मध्ये आकुर्डीहून निघालेल्या मागच्या इंजिनाच्या रिक्षेत ती गरिबांच्या सेवेला रुजू झाली. मोटारीने टाकलेली कल्पना रिक्षेने का टिकवली? या प्रश्नाचे उत्तर शोधू.

३/
आधी जुनी रचना समजून घेऊ. बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाके त्याभोवती फिरतात. टांग्यात आस आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी पाटे येतात. मोटारीत आणखी एक गुंतागुंत वाढते. इंजिन पुढे असते आणि फिरवायची असतात मागची चाके. म्हणून आसाच्या मध्यभागी डिफरन्शियलचा गोळा येतो, त्यातून दोन्ही बाजूंना एक्सलच्या दांड्या निघतात आणि हे सारे एका पोलादी नळीत बंदिस्त असते. ही नळी, गोळा आणि दोन्ही चाके मिळून एकच ताठ वस्तू होते.

४/
या ताठ आसाचे गणित करून पाहा. दोन चाकांमधले अंतर १.३ मीटर धरा. डावे चाक १० सेंटिमीटर खोल खड्ड्यात उतरले, तर संपूर्ण आस सुमारे साडेचार अंशांनी कलतो. म्हणजे उजवे चाक सपाट डांबरावर असूनही तेही साडेचार अंशांनी तिरके होते. खड्डा एकाचा, शिक्षा दोघांना. वळणावर असे घडले तर मागची बाजू क्षणभर बाजूला सरकल्यासारखी वाटते. जुन्या मोटारींतून खराब रस्त्याने प्रवास केलेल्या वडीलधाऱ्यांना ही 'मागून उडणारी गाडी' चांगली आठवत असेल.

५/
दुसरा दोष वजनाचा. मोटारीचे काही वजन स्प्रिंगच्या वर असते : सांगाडा, इंजिन, माणसे. काही वजन स्प्रिंगच्या खाली असते : चाके, ब्रेक आणि ताठ आस असेल तर डिफरन्शियलसह सबंध नळी. रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर हे खालचे वजन वर उचलले जाते व पुन्हा खाली येते. ते जितके जड, तितका त्याचा तडाखा मोठा आणि तितके त्याला रस्त्याला चिकटून राहणे अवघड. रिकाम्या हातांनी शेताचा बांध ओलांडणारा माणूस पाऊल चटकन सावरतो. डोक्यावर भाताचा भारा असला की अडखळतो. तसेच हे.

६/
मग उपाय कोणता? डिफरन्शियल आसावरून काढून मोटारीच्या सांगाड्याला पक्के बसवायचे. त्यामुळे त्याचे वजन स्प्रिंगच्या वर गेले. प्रत्येक चाकाला स्वतःचा हात द्यायचा. त्या हाताचे एक टोक सांगाड्याला बिजागरीसारखे जोडायचे, दुसऱ्या टोकाला चाक. हात आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग, आणि स्प्रिंगची थरथर शमवण्यासाठी शॉकअप. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्यांना सांधे द्यायचे, म्हणजे चाक वरखाली झाले तरी फिरणे थांबणार नाही. सारी कल्पना एवढीच. अडचणी तपशिलात आहेत.

७/
ही कल्पना विसाव्या शतकाइतकीच जुनी आहे. ऑस्ट्रियन अभियंता एडमुंड रुम्प्लर याने १९०३ मध्ये झुलत्या आसाचे पेटंट घेतले. १९२३ मध्ये हान्स लेडविंका याने चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा ११ या मोटारीत ती रचना वापरली. १९३१ ची मर्सिडीज-बेंझ १७० आणि फर्डिनांड पोर्शे याची फोक्सवॅगन बीटल याच घराण्यातल्या. मध्य युरोपात ही विचारधारा का वाढली, हे समजण्यासारखे आहे : तिथले ग्रामीण रस्ते वाईट होते आणि मोटारी हलक्या व स्वस्त हव्या होत्या. आपल्या पुढच्या कथेतही हीच दोन कारणे परत येतील.

८/
झुलता आस कसा चालतो? दांडीला फक्त आतल्या बाजूला, डिफरन्शियलजवळ, सांधा असतो. चाक दांडीला काटकोनात पक्के. त्यामुळे चाक वर जाताना पंख हलल्यासारखे एका कमानीत फिरते. रचना स्वस्त आणि सुटसुटीत. पण गणित पाहा : सांध्यापासून चाकापर्यंतचे अंतर सुमारे ६० सेंटिमीटर असेल, तर चाक १० सेंटिमीटर वर गेल्यावर ते साडेनऊ अंशांच्या आसपास कलते. ताठ आसाच्या दुपटीहून अधिक! दुसरे चाक मोकळे झाले हे खरे, परंतु हलणारे चाक फारच तिरके झाले.

९/
याचा धोका वळणावर उघड होतो. वेगाने वळताना बाहेरच्या चाकावर रस्त्याचा आडवा रेटा येतो. झुलत्या आसात तो रेटा मोटारीची मागची बाजू वर उचलू लागतो; बाजू उचलली की चाक आत दुमडू लागते; दुमडले की रस्त्यावरची पकड एकाएकी सुटते. अमेरिकेत १९६० चे मॉडेल म्हणून आलेल्या शेव्हर्ले कॉर्व्हेअर या मोटारीवर याच कारणाने टीका झाली. राल्फ नेडर याच्या १९६५ च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण तिच्यावर आहे. वाहनसुरक्षेच्या कायद्यांना अमेरिकेत जी गती मिळाली, तिच्यामागे मागच्या चाकांचा हा प्रश्नही होता.

१०/
आता भारतात येऊ. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत सामान्य खरेदीदारासमोर मुख्यतः तीन मोटारी होत्या. उत्तरपाड्याची हिंदुस्तान अँबेसेडर. मुंबईच्या कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाईल्सची फियाट ११००, जी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. प्रीमियरची स्थापना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये केली होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येते, ती याच कुर्ल्याच्या कारखान्याची.

११/
एक बारकावा ध्यानात घ्या. अँबेसेडर आणि फियाट या दोन्ही मोटारींची पुढची चाके स्वतंत्र होती. अँबेसेडरला पुढे पिळाचे दांडे होते, फियाटला गुंडाळी स्प्रिंग. मागे मात्र दोघींनाही ताठ आस आणि पाटे! पुढच्या चाकांना स्वातंत्र्य आधी मिळाले, कारण ती फक्त वळायची. त्यांना इंजिनाची शक्ती पोहोचवायची नसे. मागची चाके गाडी ओढत होती. त्यांना मोकळे करायचे तर फिरत्या दांड्यांना सांधे हवेत. सांधे म्हणजे अचूक यंत्रकाम, वंगण आणि खर्च. ज्याच्यावर कामाचा भार अधिक, त्याची मोकळीक महाग पडते.

१२/
आणि पाट्याची थोरवीही मान्य केली पाहिजे. पोलादी पट्ट्यांचा हा जुडगा एकाच वेळी तीन कामे करतो : वजन पेलतो, आसाला पुढेमागे सरकू देत नाही आणि चाक फिरताना आसावर येणारा पीळ सहन करतो. वेगळे हात नकोत, वेगळे बुश नकोत. पट्टी तुटली तर ती बदलता येते. ट्रक, बस आणि जीप यांच्यामुळे ही कारागिरी देशभर पसरलेली होती. पाटा बांधणारा माणूस महामार्गावरच्या कुठल्याही गावात सापडत असे. इतके मोठे दुरुस्तीचे जाळे ही अभियांत्रिकीचीच एक बाजू आहे, हे विसरू नये.

१३/
तिसरी मोटार, स्टँडर्ड हेराल्ड, वेगळी होती. मूळची ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड (१९५९). मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती इथे आणली. चारही चाके स्वतंत्र. मागे झुलता आस, आणि दोन्ही चाकांवर डिफरन्शियलच्या माथ्यावर आडवा बांधलेला एकच पाटा. त्या काळी भारतीय रस्त्यावरची ही अत्यंत आधुनिक रचना म्हणावी लागेल. नवी कल्पना हाती होती, कारखाना होता, रस्ते तर खराबच होते. म्हणजे हेराल्डचा विजय व्हायला हवा होता.

१४/
घडले उलटे. झुलता आस ग्राहकांना रुचला नाही आणि मेकॅनिकांनाही तो परका वाटला. १९७२ मध्ये कंपनीने त्याच मोटारीची सुधारित आवृत्ती 'स्टँडर्ड गझेल' या नावाने आणली, तेव्हा मागे ताठ आस बसवलेला होता! सुधारणा म्हणून जुने परत आले. तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ चढत जाणारा जिना आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी गझेलकडे अवश्य पाहावे. युरोप ज्या दिशेने चालला होता, तिच्या नेमक्या विरुद्ध दिशेला मद्रासचा कारखाना वळला होता, आणि त्याला आपली कारणे होती.

१५/
ती कारणे केवळ 'मागासलेपण' या शब्दात बसत नाहीत. झुलत्या आसाचे दोष खरे होते. ते आपण वर पाहिले. माणसे आणि सामान यांनी मोटार भरली की मागची चाके एका कोनात, रिकामी झाली की दुसऱ्या कोनात. टायर विषम झिजणार. दुरुस्तीला लागणारी ओळख मोजक्या शहरांपुरती. ज्या देशात मोटार वीस वर्षे वापरायची आणि गावच्या मेकॅनिकवर भरवसा ठेवायचा, तिथे 'दुरुस्त होऊ शकणे' हाच सर्वांत मोठा गुण ठरतो. ग्राहकांचा निर्णय अडाणी नव्हता, हिशेबी होता.

१६/
आता रिक्षेकडे वळू. नगरचे स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी माणसाने माणसाला ओढण्याच्या प्रथेला पर्याय म्हणून ऑटोरिक्षेचा पाठपुरावा केला. बजाजच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून इटलीच्या दुचाकी व तीनचाकी आयात करून विकल्या. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. इटलीच्या पियाजिओने युद्धोत्तर गरिबीत स्कूटरवरून घडवलेली 'आपे' ही या रिक्षेची थोरली बहीण.

१७/
या इतिहासाचा एक धागा आजच्या रायगड जिल्ह्यात पोहोचतो. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे हातरिक्षा एकविसाव्या शतकातही चालू राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि तिच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. म्हणजे फिरोदियांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हाती घेतलेला प्रश्न त्याच महाराष्ट्राच्या एका डोंगरावर पाऊणशे वर्षे शिल्लक होता. रिक्षेची यंत्ररचना अभ्यासताना ती कोणाच्या श्रमाच्या जागी आली, हे डोळ्यांआड करता येत नाही.

१८/
१९७७ मध्ये बजाजने मागच्या बाजूला इंजिन असलेली रिक्षा आणली. या एका बदलाने मागच्या चाकांचा प्रश्न सोपा झाला. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे सारे एकाच ठोकळ्यात, मागच्या दोन चाकांच्या मधोमध, सांगाड्याला बांधलेले. पुढून मागे जाणारा लांब दांडा नको. ठोकळ्यातून दोन आखूड दांड्या निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला चाक. इथे ताठ आस बसवायचाच म्हटले, तर इंजिनासह सारा ठोकळा चाकांबरोबर उड्या मारू लागला असता. म्हणून स्वतंत्र चाके ही इथे चैन नव्हती. रचनेचीच मागणी होती.

१९/
रिक्षेने झुलता आस घेतला नाही, हे महत्त्वाचे. तिच्यात 'ट्रेलिंग आर्म' आहे. सांगाड्याला एक आडवी खीळ. तिच्याभोवती वरखाली होणारा एक हात. हात मागे पसरलेला आणि त्याच्या टोकाला चाक. दाराच्या बिजागरीसारखी ही हालचाल आहे, फक्त दार आडवे झोपवलेले. खीळ गाडीच्या लांबीला काटकोनात असल्यामुळे चाक वर जाताना तिरके होत नाही. सांगाड्याच्या मानाने ते उभेच राहते. १० सेंटिमीटर उचलले तरी कल शून्य! झुलत्या आसाच्या साडेनऊ अंशांशी तुलना करा.

२०/
हातावर स्प्रिंग असते. मॉडेलनुसार ती रबराच्या ठोकळ्याची किंवा पोलादी गुंडाळीची. सोबत शॉकअप. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यांच्या टोकांना असे सांधे असतात की दांडीचा कोन बदलला आणि लांबी किंचित कमीजास्त झाली, तरी ती फिरत राहते. ब्रेकचा ड्रम चाकातच. भाग थोडे, लहान, हलके आणि हातात मावणारे. हात वाकला, बुश झिजला किंवा रबर बसले, तर तेवढेच बदला. जड आस खाली उतरवायला चार माणसे लागत नाहीत.

२१/
रिक्षेला याची गरज मोटारीपेक्षा अधिक होती. तिची चाके अगदी लहान, ४.००-८ मापाचा टायर, म्हणजे रिमचा व्यास जेमतेम ८ इंच. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सरकून जाते, त्यात लहान चाक उतरते. पुढे एकच चाक असल्यामुळे गाडीला उलटण्यापासून रोखण्याचा भार मागच्या दोघांवरच येतो. म्हणून स्प्रिंग फार मऊ ठेवता येत नाही. ठेवली तर वळणावर रिक्षा कलंडेल. ट्रेलिंग आर्मचा एक दोषही इथे येतो : सांगाडा कलला की चाकेही त्याच्याबरोबर कलतात. रिक्षेचे धक्के पूर्ण जात नाहीत ते यामुळे. धक्का आणि तोल यांच्यामधली ती तडजोड आहे.

२२/
ही तडजोड रायगडच्या किनाऱ्यावर रोज कसाला लागते. मांडव्याच्या धक्क्यावरून आत जाणारे रस्ते, रेवदंडा ते मुरूडची वळणे, श्रीवर्धन-हरिहरेश्वरचा चढउतार. पावसाळ्यात कडेची जांभ्याची माती खचते, खाचरांचे पाणी रस्त्यावर येते आणि खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते. पनवेल ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा टप्पा २०११ पासून रुंदीकरणात अडकून किती छळला, हे कोकणवासीयांना सांगायला नको. अशा रस्त्यांवर दवाखान्यात निघालेली गरोदर बाई, बाजाराला निघालेली मासळीची पाटी आणि शाळेची मुले रिक्षेनेच जातात. त्यांच्या पाठीच्या कण्याचा प्रश्न हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

२३/
म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे. हेराल्डमध्ये नवी रचना बाहेरून आली, सदोष रूपात आली आणि तिच्याभोवती दुरुस्तीची वस्ती उभी राहिली नाही. रिक्षेत ती रचनेच्या गरजेतून आली, सोप्या रूपात आली आणि गाड्यांची संख्या इतकी वाढली की प्रत्येक तालुक्याला तिचे वैद्य मिळाले. कल्पना उत्तम असणे पुरेसे नसते. ती ज्याच्या हातात मोडणार आहे, त्याच्या हाताला ती कळली पाहिजे. अलिबाग किंवा माणगावच्या रस्त्यालगतचा रिक्षा-मेकॅनिक हा या इतिहासातला दुय्यम माणूस नाही.

२४/
मोटारींत ही रचना मोठ्या प्रमाणावर परतली ती पुण्याजवळच. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात इंडिका दाखवली आणि डिसेंबर १९९८ मध्ये ती बाजारात आणली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यासाठी ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना सोडवून आणला होता. इंडिकाच्या मागच्या बाजूला 'सेमी-ट्रेलिंग आर्म' होते : हाताची खीळ काटकोनात न ठेवता थोडी तिरकस. त्यामुळे चाक वर जाताना किंचित आत कलते आणि वळणावर सांगाडा झुकला तरी टायर जमिनीवर नीट टेकून राहतो. ट्रेलिंग आर्म आणि झुलता आस यांचा हा मध्य आहे. १९६० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या मोटारींनी तो नावारूपाला आणला.

२५/
इंडिकाला एक सवलत होती : तिची पुढची चाके गाडी ओढत. मागची चाके केवळ मागे येत, त्यांना फिरत्या दांड्या नकोच होत्या. पुढे २००९ च्या नॅनोत इंजिन मागे आले, हात सेमी-ट्रेलिंगच राहिले आणि दांड्या परतल्या. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन मागे, त्याच्या दोन्ही बाजूंना आखूड दांड्या, प्रत्येक चाकाला आपला हात : मांडणी पाहिली तर नॅनोचे नाते अँबेसेडरपेक्षा आकुर्डीच्या रिक्षेशी जवळचे आहे. स्कूटरवरून जाणाऱ्या कुटुंबासाठी आखलेल्या मोटारीने नकळत तीनचाकीचा वारसा उचलला.

२६/
पण थांबा, जिना इथेही सरळ नाही. २००८ मध्ये इंडिकाची पुढची पिढी, व्हिस्टा, आली तेव्हा स्वतंत्र हात गेले आणि 'ट्विस्ट बीम' आला. यात दोन हात एका पिळता येणाऱ्या आडव्या पट्टीने जोडलेले असतात. चाके अर्धवट स्वतंत्र, अर्धवट बांधलेली. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फने ही रचना लोकप्रिय केली. ती स्वस्त आहे, जागा कमी घेते आणि तिची आडवी पट्टीच गाडीला कलंडण्यापासून रोखते. आज आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या मोटारींच्या मागे हीच असते. गझेलच्या छत्तीस वर्षांनंतर पुन्हा एकदा हिशेबाने स्वातंत्र्य कमी केले, फक्त या वेळी मोबदला चांगला मिळाला.

२७/
पूर्ण स्वातंत्र्य मग महाग मोटारींकडे गेले. चाकणला तयार झालेल्या महिंद्र एक्सयूव्ही ५०० मध्ये (२०११) मागे 'मल्टी-लिंक' होते : एका जाड हाताऐवजी अनेक बारीक दांड्या, प्रत्येकीला एकेक काम. एक चाकाला आडवे सांभाळते, दुसरी पुढेमागे, तिसरी त्याचा कल ठरवते. टांग्याच्या पाट्याने एकट्याने पेललेली तिन्ही कामे इथे वाटून दिली आहेत. परिणाम उत्तम, परंतु भाग वाढले, बुश वाढले, दुरुस्तीचा खर्च वाढला. गुणाची किंमत कोणीतरी मोजतोच.

२८/
आणि आता विजेची मोटार. २०२४ च्या अखेरीस महिंद्रने सादर केलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या चाकणच्याच मोटारींत मोटर मागे आहे. ती सांगाड्याला बांधलेली, दोन्ही बाजूंना आखूड दांड्या, दोन्ही चाके स्वतंत्र. १९७७ च्या रिक्षेची मांडणी आठवा. सामग्री, अचूकता आणि किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तर्क तोच : शक्ती देणारा ठोकळा चाकांजवळ आणला की ताठ आसाला जागाच उरत नाही. आकुर्डी ते चाकण हे अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. त्या दोन ठिकाणी एकाच प्रश्नाला जवळजवळ अर्ध्या शतकाच्या अंतराने तेच उत्तर मिळाले.

२९/
इतिहासाच्या अभ्यासकांनी यातून काय घ्यावे? वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण बहुधा वरून खाली पाहतो : आधी श्रीमंतांची मोटार, मग झिरपत झिरपत गरिबाचे वाहन. मागच्या चाकांची कथा हा क्रम मोडते. जी रचना मध्यमवर्गाच्या मोटारीने १९७२ मध्ये नाकारली, ती रिक्षेत लाखो प्रवाशांच्या नित्याच्या अनुभवाचा भाग झाली. तिला कोणी 'प्रगत तंत्रज्ञान' म्हटले नाही, तिची जाहिरात झाली नाही, म्हणून ती आपल्या पुस्तकांत दिसत नाही.

३०/
मित्रहो, एक स्वाध्याय. पुढच्या वेळी रिक्षातळावर उभे असाल तेव्हा चालकाची परवानगी घेऊन रिक्षेच्या मागे वाकून पाहा. खीळ, हात, स्प्रिंग, शॉकअप आणि इंजिनाकडून चाकाकडे जाणारी आखूड दांडी, हे पाचही भाग ओळखता येतात का ते बघा. मग तुमच्या भागातील सर्वांत जुन्या रिक्षा-मेकॅनिकला विचारा की मागच्या इंजिनाची पहिली रिक्षा त्यांच्याकडे केव्हा आली, आणि तिचे काम ते कोणाकडून शिकले. उत्तर तारखेसह लिहून ठेवा. या इतिहासाची कागदपत्रे कुठल्याही दप्तरखान्यात नाहीत. ती अजून त्या माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसे म्हातारी होत चालली आहेत.